पाटोळ्यांनी बांधलं तेवढं

दौंडच्या पाटोळ्यांची गाडी न्हावऱ्याच्या फाट्यावर पंक्चर झाली, म्हणून बाराची बैठक दीडला सुरू झाली. तोपर्यंत जमलेल्या पंधरा-सोळा पाटोळ्यांपैकी निम्म्यांना भूक लागली होती आणि निम्म्यांना राग आला होता. विश्वजीत सरांना दोन्ही झालं होतं. पण ते बैठकीचे अध्यक्ष, शिवाय चर्चच्या बांधकाम समितीचे सेक्रेटरी, त्यामुळे चेहरा हसरा ठेवणं भाग होतं.

शिरूरमध्ये त्यांना सगळे सर म्हणत. छत्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मनातल्या मनात ते स्वतःलाही सरच म्हणू लागले होते. ही गोष्ट बायकोला कळू नये एवढी खबरदारी ते घेत. सुलक्षणाबाईंना ती कधीच कळली होती.

सकाळी चर्चमध्ये कापणीच्या सणाची उपासना झाली होती. बाकांना बांधलेली उसाची वाढं अजून हिरवी होती, आणि लिलावात कुणीच न घेतलेला एक भलामोठा भोपळा वेदीच्या पायरीवर बसून होता. पाळकसाहेब 'तुमची घरची बोलणी, तुम्हीच करा' असं म्हणून शहाण्यासारखे जेवायला निघून गेले होते. नियमच तसा होता. चर्चमध्ये कुणाच्या स्मरणार्थ दिलेलं काही काढायचं असेल, तर देणाऱ्या घराण्याची संमती लागे. आणि संत बर्णबाच्या या चर्चमध्ये हात लावावा तिथे पाटोळ्यांचं कुणीतरी स्मरणार्थ होतंच. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं होती. पंखा लागला की दिवंगत पाटोळे गरगर फिरत, आणि लाइट गेली की वाचता येत.

सरांनी टेबलावर डायसिसला, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या कार्यालयाला, पाठवायचं पत्र ठेवलं आणि त्यावर पेन ठेवलं. उद्या अकराच्या आत हे पत्र पुण्याला गेलं नाही, तर धोकादायक इमारत म्हणून चर्चला कुलूप लागणार होतं. मजकूर दोनच ओळींचा होता. इंजिनियरचा अहवाल आणि त्यात सुचवलेली मोडतोड समितीला आणि पाटोळे घराण्याला मान्य आहे, ही पहिली. इमारतीचं नुकसान अमुक कारणाने झालं, ही दुसरी. त्या 'अमुक'ची जागा कोरी होती.

"सुरू कर तेजश्री," सर म्हणाले. "आधी थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी मी—"

"नको," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी स्मरणिका वाचलीय."

कुणीही वाचलेली नव्हती. चर्चला दोनशे वर्षं झाली तेव्हा सरांनी ती लिहिली होती. छावणीच्या काळात इथे घोडदळ होतं, तेव्हा गोऱ्या साहेबांची पहिली उपासना तबेल्यात झाली. मग मातीच्या भिंती उठल्या, त्या एका पावसाळ्यात बसल्या. मग काळ्या दगडाचं चर्च झालं. त्याचं शिखर विजेने गेलं, ते पुन्हा लाकडात उभारलं, ते वाळवीने खाल्लं. मग छावणी उठली, साहेब गेले, वटवाघळं आली, आणि शेवटी चर्च देशी मंडळीच्या ताब्यात आलं. इथपर्यंत स्मरणिकेची चार पानं झाली होती. उरलेली चौसष्ट पानं पाटोळ्यांवर होती.

तेजश्री उठली. ती सम्राटची, म्हणजे सरांच्या दौंडच्या चुलतभावाची मुलगी. जुन्या इमारतींची इंजिनियर. तिला ही पदवी मिळाली तेव्हा शिरूर आणि दौंड या दोन शाखांनी आयुष्यात एकदाच एकत्र येऊन आनंद साजरा केला होता.

"मूळ दगडी भिंती उत्तम आहेत," तिने वाचलं. "पावणेतीन फूट जाड, चुन्यातलं काम. पाया सुस्थितीत. त्यात काहीही दोष नाही."

सरांनी समाधानाने मान हलवली. जणू चुना त्यांनीच कालवला होता.

"मग तडं कशानं गेल्यात?" सम्राटने विचारलं. रेल्वेत गार्ड म्हणून तीस वर्षं काढल्यामुळे तो प्रश्नसुद्धा झेंडी दाखवल्यासारखा विचारी.

तेजश्रीने कागद खाली घेतला. "पप्पा, वाचून दाखवू का सरळ सांगू?"

"सरळ सांग."

"पाटोळ्यांनी बांधलंय तेवढं काढायला लागेल."

बाकावर कुणीतरी ऊस सोलत होतं, तो आवाज थांबला.

"म्हंजी?" सोजराआत्यांनी विचारलं. त्या सरांच्या आणि सम्राटच्या सख्ख्या आत्या, वय शहाऐंशी, मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स. घराण्यातल्या बहुतेकांना त्यांनी पहिल्यांदा उलटं धरून रडवलं होतं, आणि तो अधिकार त्या अजून सोडत नसत.

"म्हणजे असं बघा आजी. साहेबांनी भिंतींना बाहेरून टेकू बांधले होते, दगडाचे. बट्रेस म्हणतात. भिंत बाहेर कलू नये म्हणून. तुमच्या आजोबांनी, म्हस्कूबाबांनी, ते पाडले आणि त्या दगडांतून पोर्च बांधला."

सरांना स्मरणिकेचं अकरावं पान डोळ्यांपुढे आलं. 'बाहेर निरुपयोगी पडलेल्या पाषाणांना म्हस्कूबाबांनी प्रभुसेवेत रुजू केले.' वाक्य लिहिलं त्या दिवशी ते स्वतःवर इतके खूश झाले होते, की संध्याकाळी फिरायलासुद्धा गेले नव्हते.

"मग सावळारामबाबांनी," तेजश्री पुढे म्हणाली, "कौलं आणि सागवान काढून सिमेंटचा स्लॅब टाकला. टेकू नसलेल्या भिंतींवर."

"ए पोरी," सोजराआत्या म्हणाल्या, "तो माझ्या बापाचा स्लॅब हाय. मी घमेली वाहिल्यात त्याला. अख्ख्या शिरूरात तवा एवढा स्लॅब कुणाचा नव्हता."

"तेच तर आजी. जड आहे."

"आन् नंतर?" सम्राट म्हणाला. त्याने सरांकडे असं पाहिलं, की आता सरांनी बांधलेल्या मनोऱ्याची पाळी.

"नंतर तुमच्या टाइल्स, पप्पा."

सम्राटने निवृत्त झाल्यावर आईवडिलांच्या स्मरणार्थ चर्चला आतून पाच फूट उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स बसवून दिल्या होत्या. निळ्या, मध्ये डॉल्फिन. भिंतीतली ओल बाहेर यायला वाट राहिली नव्हती, ती आतल्या आत वर चढून चुना खात होती, असं तेजश्रीने सांगितलं. सरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. गेली पाच वर्षं ते त्या डॉल्फिनांकडे तोंड करून प्रभूची प्रार्थना म्हणत होते, आणि 'आमचे अपराध क्षमा कर' या ओळीला दर रविवारी अडखळत होते.

"आणि सगळ्यात घातक," तेजश्री म्हणाली, "मनोरा."

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

मनोरा त्यांचा होता. आईच्या, गिताबाईंच्या, स्मरणार्थ शहाण्णव साली बांधलेला. पश्चिमेच्या भिंतीवर, बत्तीस फूट. बत्तीसच का, तर दौंडला सम्राट ज्या चर्चमध्ये जात असे तिथला मनोरा तीस फूट होता. सरांनी एका नाताळात प्रभुभोजनाला जाऊन तो दोरीने मोजून आणला होता. गिताबाई स्वतः चार फूट नऊ इंच होत्या आणि उंचीला इतक्या घाबरत, की माळ्यावरचा डबा काढायलाही स्टुलावर चढत नसत. पण आईच्या स्मरणार्थ काय बांधावं हे आईला विचारायची पद्धत पाटोळ्यांत नव्हती.

"मनोऱ्याने पश्चिमेची भिंत बाहेर ओढलीय," तेजश्री म्हणाली. "आधी तो उतरवायचा. मग टेकू पुन्हा बांधायचे, स्लॅब काढून हलकं छप्पर. टाइल्स काढल्या की भिंती आपोआप वाळतील. एवढं केलं तर चर्च अजून दोनशे वर्षं उभं राहील."

"आणि पाटोळे?" सर म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा बारीक आला. "पाटोळ्यांचं काय उरेल त्यात?"

"पंखे," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

त्यावर जो कल्ला झाला, त्यात गेल्या तीस वर्षांत कधी न घडलेली गोष्ट घडली. शिरूर आणि दौंड एका वादात एकाच बाजूला आले. सम्राट उठून सरांच्या शेजारी येऊन बसला. चार पिढ्यांनी रक्त आटवलं ते काय दोन पानी कागदावर पुसून टाकायचं, असं तो म्हणाला, आणि सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सोजराआत्या बापाच्या स्लॅबवरून हटेनात. तेजश्री एकटी उभी होती, हातात कागद घेऊन, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. सर नजर चुकवत होते. दहावीला ती शिरूरला शिकायला होती तेव्हा तिला इतिहास त्यांनीच शिकवला होता, आणि पुरावा असेल तेच लिहायचं, असं फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं होतं.

"मला एक सुचतंय दादा," सम्राट हळू आवाजात म्हणाला. "पत्रात कारण लिहायचंय ना? डिझाइन करेक्ट होतं, मटेरियल डिफेक्टिव्ह. गवंड्यानं माल खाल्ला. संपलं. मनोरा उतरवू, पर नाव तर खराब होत न्हाई. कोण होता तो तुमचा, कासुर्डीचा?"

"माऊली," सर म्हणाले.

"हां. काम अर्धं टाकून पळालेला. सगळ्यांना ठाऊकच हाय की. त्याच्यावर टाका."

सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सरांनीच सांगितलं होतं.

"आधी जेवून घ्या," सोजराआत्या म्हणाल्या. "उपाशी पोटी पाटोळ्यांनी आजपातुर एक धड गोष्ट केली न्हाई."

भरल्या पोटी केल्याचीही नोंद स्मरणिकेत नव्हती. पण सगळे उठले.

बाहेर लिंबाखाली पंगत बसली. दौंडहून आलेलं मटण, शिरूरची भाकरी. सर ताट घेऊन बसले खरे, पण दोन घासांनंतर ते हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि पश्चिमेच्या भिंतीकडे गेले. तिथे तेजश्री आधीच उभी होती. मनोऱ्याच्या सावलीत सतरंजीच्या घड्या, खडू आणि चित्रांचे तक्ते रचून ठेवले होते. संडे स्कूल इथेच भरे. ऊन लागत नाही म्हणून ही जागा सरांनीच निवडली होती.

ऑगस्टमध्ये तेजश्रीने तड्यावर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. भिंत जागची हलली नाही तर काच शाबूत राहते, हलली तर फुटते. महिन्याभराने सरांनी फोटो काढून पाठवला होता, तिन्ही काचा शाबूत.

"काका," तेजश्री म्हणाली, "वरची आणि खालची फुटल्यात. मधली फक्त चांगली आहे."

"हो का," सर म्हणाले.

"मधलीला कडेने वेलबुट्टी आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. पावसाळ्यात एका सकाळी तिन्ही काचा फुटलेल्या पाहून ते तसेच मागे फिरले होते. घरी जाऊन त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या सन्मानपत्राची वेलबुट्टीच्या काचेची फ्रेम फोडली, काच कापून घेतली, आणि शिडी लावून तिन्ही पट्ट्या नव्या बसवल्या. फोटो काढला. त्यातल्या दोन पुन्हा फुटल्या, हे त्यांना आत्ता कळत होतं. सदुसष्टाव्या वर्षी, कमरेला पट्टा बांधून, शिडीवर चढून त्यांनी भिंतीला फसवायचा प्रयत्न केला होता, आणि भिंतीने त्यांचं काही ऐकलं नव्हतं.

"तुला केव्हा कळलं?"

"फोटो आला तेव्हाच. म्हटलं तुम्ही स्वतः सांगाल." तिने मागे चर्चच्या दाराकडे पाहिलं. "मी मुद्दाम आत बोलले नाही. पण काका, मी त्या माऊलींचं काम पाहिलंय. खालच्या चोवीस फुटांत एक वीट वाकडी नाही. सगळी गडबड वरच्या आठ फुटांत आहे. वरचे आठ फूट त्यांनी बांधलेलेच नाहीत, हो ना?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्यांचा मुलगा सुरज आता यवतकडे जुनी देवळं चुन्यात दुरुस्त करतो. मी या कामासाठी त्याचंच नाव दिलंय. पत्रात त्याच्या वडिलांनी माल खाल्ला असं गेलं, तर त्याला हे काम मिळणार नाहीच, पुढचीही मिळणार नाहीत. बाकी तुम्ही मोठे आहात."

ती ताट वाढून घ्यायला निघून गेली. सर मनोऱ्याकडे वर पाहत उभे राहिले. लांबून तो त्यांना नेहमी दिमाखदार वाटत आला होता. जवळून पाहिलं तर तो रागावून अंग चोरून बसलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. आपलीच ती बसण्याची पद्धत, हे सरांच्या ध्यानात आलं.

त्यांना लाज वाटली. अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी लाज. छत्तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसाला ती ओळखू यायला जरा वेळ लागला.

जेवणं आटोपून मंडळी पुन्हा आत आली. पोटं भरली होती, त्यामुळे समेटाची हवा होती. सम्राटने तर एक मसुदाच तयार केला होता. तो त्याने मोबाइलवरून वाचून दाखवला: "'सदर मनोऱ्याचे बांधकाम करणारे गवंडी माऊली, रा. कासुर्डी, यांनी निकृष्ट दर्जाचे साहित्य वापरून काम अपूर्ण अवस्थेत सोडून पलायन केले, या कारणाने.' कसंय दादा? मराठी तुमच्यासारखं जमलंय का?"

"फारच माझ्यासारखं जमलंय," सर म्हणाले.

त्यांनी पेन उचललं. कोऱ्या जागेवर टेकवलं. सगळे पाहत होते. पुन्हा खाली ठेवलं.

"माऊली पळाला नव्हता," ते म्हणाले. "मी त्याला काढलं."

"काय?" सम्राट म्हणाला.

"चोवीस फूट झाल्यावर तो खाली उतरला. म्हणाला, सर, ह्या भिंतीला पाठीमागं टेकू न्हाई, ह्याच्यावर मी आता एक वीट ठेवणार न्हाई. मी म्हटलं, इतिहास मला माहितीय, तू नको सांगू. म्हणाला, इतिहास न्हाई सर, भिंत सांगतोय. खाली लेकरं बसत्यात." सरांनी पत्र थोडं बाजूला सारलं. "मी त्याला कामावरून काढलं आणि शिक्रापूरहून दुसरी टोळी आणली. आणि तुम्हा सगळ्यांना सांगितलं, तो पळाला. समितीच्या मिनिट बुकात लिहिलं. स्मरणिकेतही लिहिलं, पान एकोणचाळीस. 'मध्येच कारागीर पसार झाला, तरी विश्वजीत पाटोळे डगमगले नाहीत.'"

"ते तुम्हीच लिहिलंत?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"हो."

"स्वतःबद्दल?"

"हो गं."

सर वाट पाहत होते की कुणीतरी ओरडेल. सम्राट फक्त म्हणाला, "पण आठ फुटासाठी एवढं? कशाला?"

"दौंडचा तीस होता."

सम्राट हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आवो दादा," तो कसाबसा म्हणाला, "तुमचा मनोरा झाला म्हणून तर मी टाइल्स लावल्या. आमच्या हिनं सांगितलं, वर त्यांचं झालंय, आत आपलं करा." मग त्याचं हसू ओसरलं, आणि तो बराच वेळ डॉल्फिनांकडे बघत बसला.

सोजराआत्या काठी टेकत उठल्या आणि सरांच्या टेबलापाशी आल्या. सरांना वाटलं, आता मुस्काटात बसणार. लहानपणी बसली होती, त्याची चव अजून आठवत होती.

"विसू, तुझ्या आईला मनोरा नगं हुता," त्या म्हणाल्या. "तिला इथं बाहेर एक नळ पायजे हुता. बायका हंडे घिऊन लांब जात्यात म्हनून. मला तीनदा बोलली. मी तुला सांगितलं न्हाई. तू तवा लई जोरात हुतास."

सर मान खाली घालून ऐकत राहिले.

"आन् आमच्या आबाचा स्लॅब बी काढा," आत्या म्हणाल्या. "वीस वर्साची हुते मी. घमेली वाहताना डोक्यावर कळत हुतं, लई जड हुतंय हे. भिंतीला कसं पेलंल. पर बापाला कोन सांगणार? सगळं शिरूर बघायला आलं हुतं." त्यांनी पत्र सरांपुढे सरकवलं. "लिही आता. खरं लिही. आन् बारीक अक्षरात लिहू नगंस."

सरांनी लिहिलं. 'टेकूच्या भिंती पाडल्याने, स्लॅबच्या वजनाने, भिंतीत कोंडलेल्या ओलीने, आणि गवंडी माऊली यांनी स्पष्ट बजावूनही मी, विश्वजीत पाटोळे याने, हट्टाने वाढवलेल्या मनोऱ्याने.' जागा पुरली नाही, शेवटचे शब्द समासात गेले. कुठलीही उपमा न वापरता लिहिलेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य असावं. त्यांनी सही केली, मग सम्राटने केली, मग आत्यांनी जुन्या वळणाची, पूर्ण नावाची.

"झालं तर मग," सम्राट म्हणाला. "चहा टाका."

"झालं नाही," सर म्हणाले. "तेजश्री, त्या सुरजचा नंबर दे."

"दादा, पत्रात लिहिलंत की. आता फोन कशापायी?"

"पत्र पुण्याला जातंय. माऊली कासुर्डीला राहतो."

तेजश्रीने स्वतःच्या फोनवरून लावून दिला. सुरज कामावर नव्हता, घरीच होता. शिरूरचे पाटोळे सर, एवढं ऐकून तो उठून चालत गेल्याचं ऐकू आलं. 'आप्पा, शिरूरचा फोन हाय' असं लांबून कानावर पडलं. सुलक्षणाबाईंनी फोन सरांच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. मग कुणीतरी श्वास घेतला.

"पडला का, सर?"

"नाही," सर म्हणाले. "उभा आहे, माऊली."

"कुणाला लागलं तर न्हाई?"

"नाही. कुणाला काही नाही."

"मंग बरं झालं. देवानं राखलं." पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता, पण घाई नव्हती. "अठ्ठावीस वरसं झाली बगा. पाऊस लागला की शिरूरकडचं कुणी भेटलं तर इचारतो, चर्चचा मनोरा हाय का जागेवर. ही समदी हसत्यात मला. लेकरं अजून खालीच बसत्यात व्हय?"

"आज सकाळपर्यंत बसत होती." सरांनी टेबलाची कड धरली. "माऊली, मी लोकांना सांगितलं होतं, तुम्ही काम टाकून पळालात म्हणून."

"ते कळलं हुतं मला. न्हावऱ्याच्या बाजारात कुणीतरी बोललं हुतं, तवाच." एक ट्रक गेला. त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत माऊली थांबले. "उतरवायचा हाय का आता?"

"हो."

"मंग परकी माणसं लावू नगा. वरची इट उपटाया गेलं की खालची येतीया अंगावर. सुरज चढंल. मला गुडघं न्हाईत आता, पर मी खाली खुर्ची टाकून बसंन आन् कुठली आधी काढायची ते सांगंन. कवा येऊ?"

सुलक्षणाबाईंनी सरांकडे एकदा पाहिलं आणि त्या फोनवर वाकल्या.

"उद्या या, माऊली. जेवायलाच या."

"येतो की." माऊली फोन ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, सरांना सांगा. मी येईस्तवर त्यांनी बी त्याच्या खाली उभं राहू नये."